वाटाण्याचं मटण

माझ्या धाकट्या काकांनी आपल्या वाटणीच्या मेंढ्या विकून टेम्पो घेतला, त्या वर्षीची ही गोष्ट. त्यानंतर बाबा आणि काका एकाच घरात राहून एकमेकांशी बोलत नव्हते. काही सांगायचं झालं तर आत्याला मध्ये घालायचे.

"त्याला सांग, जेवायला ये."

"त्याला म्हणावं, जेवलो मी."

हे समोरासमोर बसून. आत्या दोघांकडे बघायची आणि म्हणायची, "मला पगार सुरू करा आता."

काकांचा टेम्पो नव्या कारखान्याला लागला होता. तिथे वाटाण्याचं मटण बनायचं. वाटाण्याचं पीठ, तेल, बिटाचा रस आणि आणखी काय काय... दिसायला मटण, शिजायला मटण, आणि मेंढी कुठे नाहीच. आमच्या घरी त्या कारखान्याचं नाव काढायची सोय नव्हती.

एका सकाळी मी कळप रस्त्यानं पलीकडच्या कुरणात नेत होते. धुकं होतं, वर बारीक भुरभुर. धुक्यातून एक स्कूटर आली आणि मेंढ्यांच्या मधोमध अडकली. भोंगा वाजवला असता तर मेंढ्या बिथरून रस्ताभर झाल्या असत्या. त्यानं वाजवला नाही. इंजिन बंद केलं, दोन्ही पाय टेकले आणि भिजत मुकाट बसून राहिला. तेवढ्यावरच तो मला बरा वाटला.

"अहो... तुमची मेंढी माझं मटण खातेय."

"मेंढी मटण खात नाही."

"ही खातेय. मागे बघा ना!"

त्याच्या मागच्या सीटवरचं पोतं फाटलं होतं, आणि आमची सगळ्यात म्हातारी मेंढी त्यात तोंड घालून कोरडे, पिवळट तुकडे चघळत होती. मी तिला कान धरून ओढलं.

"म्हणजे तुम्ही त्या कारखान्यातले!"

"हो. मी चवीवर आहे तिथे."

"चवीवर म्हणजे?"

"म्हणजे वाटाणा मटणासारखा लागला पाहिजे. लागत नाही. लागेपर्यंत मला पगार देतात."

हसू आलं होतं, मी दाबलं. "मग लागू देऊ नका. तुमचंही भलं, आमचंही."

तो हसला. पापण्यांवर पाणी साचलं होतं, ते हसताना गालावर उतरलं. मी उगाचच काठी आपटून मेंढ्या हाकलल्या.

दुपारी त्या मेंढीचं पोट टम्म फुगलं. ती पाय ताणून उभी, डोळे बाहेर. बाबांनी विचारलं, "काय खाल्लं हिनं?" मला सांगावं लागलं. बाबांचा चेहरा असा झाला की आत्यासुद्धा दोन पावलं मागे सरली. आणि नेमकी तेव्हाच ती स्कूटर फाटकाशी आली.

"मेंढी बरी आहे ना, विचारायला आलो," तो म्हणाला. "माल कोरडा होता. पोटात गेल्यावर फुगतो..."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोट काढ. गुडघे टेक. हिची डावी कूस चोळायची, गोल गोल. थांबलास तर बघ."

बाबांनी मेंढीला गोडं तेल पाजलं. तो चिखलात बसून चोळत राहिला. दुपार कलली, त्याचे हात लटपटायला लागले, पण थांबला नाही. शेवटी मेंढीनं त्याच्या तोंडावरच एवढी मोठी ढेकर दिली की आत्या पदर तोंडाला लावून आत पळाली.

"मालक," तो डोळे मिटून म्हणाला, "आमच्या मालाला एवढी दाद अजून कोणी दिली नव्हती."

बाबांची मिशी हलली. हसले नाहीत, पण म्हणाले, "हातपाय धू. जेवून जा."

आमच्यासारख्या मेंढ्या पाळणाऱ्या घरांत एक रीत होती. कोवळं कोकरू बाजाराचं, दात पडलेली म्हातारी मेंढी घरची. चांगला माल मालकानं खायचा नसतो. माझ्या बाबांनी, आजोबांनी, त्यांच्या वडिलांनी, कोणीही कधी कोकरू तोंडात घातलेलं नव्हतं. म्हाताऱ्या मेंढीचं मटण मंद आचेवर दिवसभर ठेवायचं, तेव्हा कुठे ते दाताखाली येतं. त्या दिवशी तेच शिजलं होतं, मी केलेलं.

त्यानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"झोपला का रे?" बाबा म्हणाले.

"नाही... कोणी केलंय हे?"

आत्यानं पळीनं माझ्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मी मिठाचा डबा उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

मग तो दर आठवड्याला मेंढीची तब्येत विचारायला यायला लागला. मी त्याला 'वाटाणे' म्हणायला लागले.

"वाटाणे, आज काय निमित्त?"

"मेंढीचा आवाज बसलाय असं ऐकलं."

"कोणाकडून?"

"मेंढीकडून."

आत्या घरातून ओरडायची, "अगं, त्या मेंढीला आणखी बहिणी आहेत का विचार, आम्हालाही पाहुणे लागतात!"

लोकर कातरायचे दिवस आले तेव्हा मी त्याला कातर धरायला शिकवलं. लोकरीत हात घातला की तुपकट होतो, मऊ होतो. आमची बोटं आत कुठेतरी एकमेकांना लागली... दोघांनीही काढून घेतली नाहीत. मग त्यानं हात वर करून वास घेतला. तो कशालाही हात लावला की आधी वास घ्यायचा.

"असा काय वास घेताय?"

"आठवडाभर पुरवायचाय," तो म्हणाला.

पण बाजार खाली येत होता. शाळेच्या जेवणघरानं मेंढ्या घेणं बंद केलं, मग दवाखान्याच्या. खाटीक यायचा, हात खिशात घालून कळपाकडे बघायचा आणि म्हणायचा, "पुढच्या खेपेला बघू." शेजाऱ्यांनी एकेक कुरण नांगरून वाटाणा पेरला. काका ताटावर बसून आत्याला म्हणायचे, "त्याला सांग, अजून वेळ आहे. पेर." बाबा म्हणायचे, "त्याला म्हणावं, तू टेम्पो हाक." रात्री मला दोघांच्याही कूस बदलण्याचा आवाज यायचा.

एका बाजाराच्या दिवशी कारखान्याची मालकीण स्वतः आली. टेबल मांडून लोकांना वाडग्यांतून चव द्यायला लागली. बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि थुंकला.

"हे मटण? डोळे बांधून द्या, तरी ओळखीन मी."

"आणि चुकलात तर?" मालकीण म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं.

"चुकलो तर कळप विकीन. कुरण नांगरून वाटाणा पेरीन. पण ओळखलं तर या बाजारात तुमचं टेबल पुन्हा दिसायचं नाही."

"दादा, नको!" टेम्पोवरून काका ओरडले. कितीतरी महिन्यांनी ते बाबांशी थेट बोलले होते. पण बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"पुढच्या बाजाराला," मालकीण म्हणाली. "शब्द?"

"शब्द."

तो तिच्या मागे उभा होता, हातात वाडग्यांची चळत. चेहरा पांढरा पडला होता.

त्या संध्याकाळी कुंपणाशी मी त्याला पकडलं. "तू जिंकलास तर आमचा कळप जाईल, आणि बाबा तुला दारात उभं करणार नाहीत. तू हरलास तर तुझं इथे कामच उरणार नाही. मी कोणाच्या बाजूनं उभी राहू, सांग."

तो कुंपणाला टेकला. "आज 'तू' म्हणालीस मला."

"त्यावर जाऊ नकोस!"

"आज एवढं एकच बरं झालंय गं... तेवढं तरी घेऊ दे."

मला रडू आलं आणि रागही आला. तो काहीतरी बोलणार होता, तोंड उघडलंही. मग स्कूटर चालू करून निघून गेला. त्यानं काय गिळलं ते मला कळेना. पुढचा सबंध आठवडा तो फिरकला नाही.

बाजाराच्या दिवशी लिलावाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधे एक खुर्ची ठेवली होती. मी आत शिरणार, तोच मेंढ्या तोलायच्या काट्यामागून त्यानं मला हाक मारली. रात्रभर झोपला नसावा, असं दिसत होतं.

"ऐक. आमची चव लागली. मागेच लागली, त्या दिवशी टेबलावर जुनाच माल होता."

"मग? छान झालं की तुमचं."

"तुमच्या घरची लागली." त्यानं मान खाली घातली. "तू केलेल्या मटणाची. आणि समोर जे खरं ठेवणार आहेत, ते कोकरू आहे. बाजारातलं सगळ्यात कोवळं."

बाबांना कोकराची चव ठाऊकच नव्हती. मटण म्हणजे आमच्या घरचं, एवढंच त्यांना माहीत.

"चोरलीस तू," मी म्हणाले.

"चोरली नाही गं... जिभेवरून उतरलीच नाही. रोज काहीतरी वेगळं करायला जायचो, हात तिकडेच वळायचा." त्यानं माझा हात धरला, मग सोडला. "जा, त्यांना सांग. जे घरचं लागेल ते आमचं. दुसऱ्याकडे बोट दाखवा म्हणावं."

"आणि तुझं काम?"

"ते गेलं तर गेलं. तुझ्या बाबांना सगळ्यांसमोर चुकताना बघून मी तुझ्याकडे कोणत्या तोंडानं येणार? जा ना!"

मी माणसांतून वाट काढत धावले. आत्या बाबांच्या डोळ्यांवर पट्टी बांधत होती. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि सगळं सांगितलं. बाबा हलले नाहीत.

"त्यानं स्वतः सांगितलं?"

"हो."

"बरं. जा, बाजूला उभी राहा."

मालकिणीनं डावा वाडगा त्यांच्या हातात दिला. बाबांनी घास घेतला. चावला. भुवया वर गेल्या, जसं काही ते अनोळखी घरात शिरले होते आणि दिवा कुठे लावायचा ते त्यांना सापडत नव्हतं. मग पाण्याचा घोट. मग उजवा वाडगा. घास तोंडात गेला आणि त्यांचा जबडा थांबला. पुन्हा हलला, अगदी सावकाश. काका दाराशी टेम्पोच्या पायरीवर उभे राहून मान उंचावत होते. मला ठाऊक होतं, बाबांनाही ठाऊक होतं. फक्त डावीकडे बोट करायचं होतं. मी गर्दीत माझ्या वाटाण्याला शोधलं, तर तो वाडग्यांकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

बाबांनी तोंड पुसलं. हात वर केला. उजवीकडे नेला.

"हे."

मालकिणीच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. आमची माणसं उभीच राहिली, कोणाला काय करावं कळेना. बाबांनी पट्टी स्वतःच्या हातानं काढली.

"बाबा... मी सांगितलं होतं ना!"

"सांगितलंस." त्यांचा आवाज शांत होता. "पण मला विचारलं होतं, मटण कोणतं. माझ्या जिभेला हेच मटण. तिला खोटं बोलायला कसं शिकवू या वयात?" मग त्यांनी गर्दीत बघून हाक मारली. "ए वाटाण्या. इकडे ये."

तो आला. सगळ्यांना वाटलं, आता थोबाडीत बसणार. मलाही वाटलं.

"मीठ कमी आहे," बाबा म्हणाले.

कोणीतरी फिसकन हसलं.

"आणि माझ्या घरातली वस्तू न विचारता बाहेर नेलीस."

"चुकलं, मालक."

"आज मला सांगायला माणूस पाठवलास, ती काही कारखान्याची शिकवण नव्हे. जे विचारायचं ते घरी येऊन विचार. आज नाही. आज मला कोणाशी बोलायचं नाही."

ते एकटेच चालत घरी गेले. वाटेत कोणी त्यांना थांबवलं नाही.

बाबांनी शब्द पाळला. कळप गेला त्या दिवशी भुरभुर होती. एकेक मेंढी फळीवरून टेम्पोत चढत होती. काका फळी धरून होते, आत्या घरातून बाहेर आलीच नाही. मी शेवटच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. ती गेली की मेंढवाडा रिकामा. तो हळूच शेजारी आला.

"रागावलीस?"

"हो."

"किती दिवस राहील?"

"ठरवलं नाही."

"मी कारखाना सोडू?"

मी त्याच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते त्याचे. गंमत करत नव्हता. "सोडून काय करशील? मेंढ्या तर परत यायच्या नाहीत. आणि तुझ्याशिवाय कोणी केलं तर ते नुसता वाटाणाच लागेल."

"मग... तुझ्या बाबांना विचारू?"

"आधी मला विचार."

"तू... येशील माझ्याबरोबर?"

माझा हात अजून मेंढीच्या लोकरीत होता. त्यानंही हात आत घातला आणि लोकरीतच माझी बोटं धरली.

"येईन," मी म्हणाले. "पण राग राहील हं थोडा."

"राहू दे," तो म्हणाला. "मी त्याचीही सवय करून घेईन."

थंडी सरता सरता आमचं लग्न झालं. त्याच सुमारास बाबांनी कुरण नांगरलं, स्वतःच्या हातानं. मी सासरी गेले तरी पेरणीला दोघं येऊन राहिलो. वाटाणा फुलला तेव्हा सगळीकडे पांढरं झालं होतं. बाबा सकाळी उठून शेताच्या कडेला जाऊन उभे राहायचे आणि मुकाट परत यायचे. ते माझ्या यजमानांशी रोज बोलायचे, हवेबद्दल, बियाण्याबद्दल, पुढे आमच्या लेकीबद्दल. त्या दिवसाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

आमच्या थोरल्या मुलीला पहिला दात आला त्या हिवाळ्यात बाबा झोपेत वारले. आत्या त्यांच्यामागून वर्षभरानं गेली. माझे यजमान यंदा, काढणी संपल्यावर, दवाखान्यात वारले. मी जवळ होते.