कमांडच्या आधी

काम साधं होतं. आमच्या लॅबमध्ये हवा, नायट्रोजन आणि विषारी कार्बन मोनॉक्साईड अशा तीन वायूंचे तीन कंट्रोलर आहेत. कॉम्प्युटरवरून कमांड देऊन जितके व्होल्ट पाठवू तितका ज्याचा त्याचा व्हॉल्व्ह उघडतो. शून्याला बंद, पाचाला पूर्ण. तिघेही एकाच क्षणी बदलायला हवेत, नाहीतर सेन्सरची चाचणी फुकट जाते. पण वेळ सांभाळतं सॉफ्टवेअर, आणि कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला की ते अर्धा सेकंद मागं पडतं. तेवढं दुरुस्त करायला रूपाली मॅडमनी सांगितलं होतं. मी त्यांच्याकडं पीएचडी करते.

दिवाळीची सुट्टी होती. रविवारी दुपारी आमचे शिपाई दादासो मामा यांनी कुलूप काढून दिलं आणि ते व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. सगळ्या डिपार्टमेंटमध्ये आम्ही दोघंच. आत बंद खोलीचा आणि रबरी नळ्यांचा वास होता. मी एक्झॉस्टचा पंखा लावला आणि नवा प्रोग्रॅम चालवला.

हवा आणि नायट्रोजन बरोबर बदलले. तिसऱ्याचा, कार्बन मोनॉक्साईडचा, पडद्यावर दिसणारा प्रवाहाचा आकडा मात्र कमांड जायच्या आधीच बदलला. शून्य पूर्णांक चार सेकंद आधी.

उशीर मला समजतो. सॉफ्टवेअर उशीर करतंच. पण आधी?

मी वायरी बदलल्या, घड्याळ तपासलं. पुढच्या फेरीत तीन सेकंद. त्याच्या पुढच्या फेरीत एक मिनिट. बाहेर जाणारा वायू पाण्याच्या बाटलीतून जातो. बुडबुडे मात्र कमांड गेल्यावरच येत होते. म्हणजे वायू वेळेवरच सुटत होता, फक्त आकडा पुढं धावत होता.

पाचला दहा कमी असताना तो आकडा एकदम वर चढला आणि तिथंच थांबला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. माझ्या प्रोग्रॅममध्ये तिसऱ्याला पाच व्होल्ट कुठंच नव्हते. बाटलीतलं पाणी शांत होतं.

अर्धा तास मी प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचली. मग मागच्या आवारात उतरले, तिथं मोबाईलला रेंज येते. हे सगळं ज्यांनी उभं केलं होतं ते विश्वजित सर आता गडहिंग्लजला शिकवतात. त्यांना फोन लावला.

“सर, तिसरा कंट्रोलर कमांडच्या आधी चालतोय.”

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, “किती आधी?”

“कमांड अजून गेलीच नाही. आकडा पूर्ण आलाय. चार पन्नासला.”

“माझ्या वेळी आकड्यानंतर कमांड जायला चाळीस मिनिटं लागली होती... आत कोण आहे?”

“कुणी नाही. दादासो मामा व्हरांड्यात आहेत.”

“मीपण बाहेरच होतो, चहाला. आत ज्ञानू होता, झाडलोट करायला. कीबोर्डवर डोकं टेकलेला सापडला, गेलेला. नळी निसटली असं कागदावर आलं. पण पाच व्होल्टची कमांड कीबोर्डवरून दिलेली होती. आणि ज्ञानूला...” त्यांचा आवाज अगदी खाली गेला, “ज्ञानूला लिहितावाचता येत नव्हतं.”

मी घड्याळ पाहिलं. पाच सत्तावीस. कार्बन मोनॉक्साईडचा सिलिंडर उघडाच होता. बंद करायचं मला सुचलंच नव्हतं.

जिना चढून आले तेव्हा व्हरांड्यातला बाक रिकामा होता. लॅबचं दार आतून लोटलेलं. पंख्याचा आवाज येत नव्हता. मामा माझ्या खुर्चीत ताठ बसले होते, पडद्याकडं बघत. तिसऱ्या चौकटीत पाचाचा आकडा टाईप झालेला. त्यांचं बोट एंटरवर टेकलेलं, फक्त दाबायचं बाकी. पडद्यावर पाच एकोणतीस.

मी कॉम्प्युटरची भिंतीतली पिन उपटली, मग सिलिंडर बंद केला. मामांचा हात थंडगार लागला.

“काय ओ ताई?” त्यांनी डोळे चोळले. “तुमीच आतनं हाक मारलासा की. पंखा बंद करा म्हणालासा, मग हितं बसा म्हणालासा...”

“मी खाली होते मामा.”

“न्हाय ओ. माझ्या मागंच हुतासा.”

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी तो सिलिंडर परत पाठवला. तिसरा कंट्रोलर काढून कपाटात ठेवला. विश्वजित सर त्यानंतर माझा फोन उचलत नाहीत. मामांनी महिनाभर रजा टाकली.

परवा सोमवारी मी दोन दिवसांनी गावाहून, जयसिंगपूरहून परतले. स्टँडवरून खोलीवर जाताना मंगळवार पेठेत मामांच्या घरावरूनच वाट जाते. त्यांच्या पत्नी, मीनाबाई, दारात उभ्या होत्या. मला बघून रागावल्याच.

“असं व्हय ताई? काल सांजच्याला हितनं हाक मारलासा, मीबी ऐकली. च्या टाकला हुता तुमच्यासाठी. आत तरी यायचं हुतं!”

आदल्या दिवशी सांजेला मी जयसिंगपुरात आईजवळ बसले होते. ते मी त्यांना सांगितलं नाही.

“मामा कुठं आहेत?” मी विचारलं.

“म्हंजे?” मीनाबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. “हाक ऐकून काल तुमच्या मागनंच गेलं की ओ.”