तिसऱ्या धबधब्याखालचा खडक

पंचाहत्तर सालच्या सहामाही सुट्टीत कोल्हापूरच्या एका हायस्कुलातली नऊ माणसं पाठीवर सॅक अडकवून दाजीपूरच्या रानात फिरायला गेली. पुढारी होते नेमिनाथ मगदूम. मूळचे शिरोळकडचे, शिकवायचे फिजिक्स. स्वभाव मोजूनमापून चालणारा. खिशात होकायंत्र आणि नावांची यादी. यादीत शेवटचं नाव त्यांच्या बायकोचं, पद्मावतीचं. सात वर्षांत ती घर सोडून कुठं गेली नव्हती. या वेळी सर सहज म्हणाले, "चल की, पाणी बघून येऊ," आणि कशी कोण जाणे, ती तयार झाली.

तिथं धरणाच्या फुगवट्यात एक डोंगर आहे. पावसाळा सरला की पाणी त्याला चारी बाजूंनी वेढतं आणि त्याचं बेट होतं. माथ्यावर जिवंत झरे, त्यामुळं दिवाळीपर्यंत त्याच्या अंगावर तीन धबधबे असतात, एकाच्या वर एक. पलीकडं न्यायला झुंबरबाईची नाव. साठीची बाई; नवरा गेल्यापासून वल्हं तिच्याच हातात. सकाळी आठला तिनं मंडळींना बेटावर उतरवलं आणि म्हणाली, "जावा फिरून. मी हितंच हाय."

पहिल्या धबधब्यात सगळ्यांनी पाय बुडवले. दुसऱ्यापाशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सुटली. मग ड्रिलमास्तर लालासाबनी शिट्टी फुंकून सगळ्यांना उठवलं.

तिसऱ्याची वाट कारवीतून जाणारी, एकामागं एक चालायची. अर्ध्यात धुकं उतरलं. भिजल्या घोंगड्यासारखं जड. पाचेक मिनिटांत विरूनही गेलं. सरांनी सवयीनं माणसं मोजली. आठ भरली.

पद्मावती नव्हती.

"माझ्या पुढंच होत्या की," शिवणाच्या बाई मेहमुदा म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "त्यांच्या सॅककडं बघतच मी चालत होते, सर."

घड्याळात अकरा चाळीस झाले होते. डाव्या हाताला कडा होता आणि उजव्या हाताला कारवी, इतकी दाट की माणूस शिरला तर वाट पडल्याशिवाय राहणार नाही. एकही काटकी मोडलेली नव्हती. सर पालथे पडून कड्याखाली डोकावले. खाली दगड आणि पाणी, बाकी काही नाही. त्यांनी हाका मारल्या, लालासाबनी शिट्ट्या मारल्या. तास गेला, दीड तास गेला. सरांचा घसा बसला. आपणच तिला आणलं, एवढा एकच विचार डोक्यात घणासारखा पडत होता.

शेवटी बाकीच्यांना मेहमुदाबाईंबरोबर वाटेवर बसवून सर आणि लालासाब वर चढले. धबधबा दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. आणि त्या आवाजात मिसळलेलं हसू.

पद्मावतीचं हसू. सात वर्षांत सरांनी ते ऐकलं नव्हतं.

त्यांचे डोळे भरून आले. पण पुढच्याच क्षणी पाय थबकले. हसण्यापाठोपाठ एक पुरुषी आवाज येत होता. सावकाश, समजुतीनं काहीतरी सांगणारा. शब्द कळत नव्हते. प्रत्येक वाक्याआधी तो माणूस किंचित घसा खाकरत होता.

लालासाबनी सरांकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "सर... तुमच्या वर्गाबाहेरून ऐकल्यासारखं वाटतंय."

सर धावले.

पद्मावती खडकावर बसली होती. एकटीच. मोकळी, शांत. चहूकडं तुषार उडत होते आणि तिचं लुगडं कोरडं ठणठणीत होतं. तिच्या शेजारी खडकावर आणखी एका माणसाच्या बैठकीएवढी कोरडी जागा होती. सर बघत होते तोवर त्या जागेवर थेंब पडू लागले. एक, दोन, मग सगळी काळी झाली.

"आत्ता तर उठलात. लगेच कुठं गेलता?" ती म्हणाली.

सरांनी तिचे दोन्ही हात धरले. हात उबदार होते. ती होती, जिवंत होती. बाकी काही विचारायची त्यांना गरज वाटेना.

"बरं केलंत सांगितलंत," ती हळूच म्हणाली. "सात वर्षं मला वाटायचं, तुम्हाला तिची आठवणसुद्धा येत न्हाय. शिरोळच्या मळ्यात काठावर जांभळीखाली ठेवलंत, आणि पुरानं तो काठच नेला. मग कुठल्या तोंडानं सांगणार होतात मला?"

सात वर्षांपूर्वी आपली नऊ दिवसांची पोर सरांनी एकट्यानं नेऊन पुरली होती. पुढच्या पावसात कृष्णेनं काठ, जांभूळ, सगळं ओढून नेलं. ही गोष्ट त्यांनी कुणालाच, अगदी वडिलांनाही सांगितलेली नव्हती.

खाली मंडळींनी एकच गलका केला. मेहमुदाबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या. कुणी गूळ दिला, कुणी पाणी. "वाट चुकली, मिळाली," लालासाब सगळ्यांना सांगत होते. शिट्टी मात्र त्यांनी गळ्यातून काढून खिशात घातली होती.

काठावर झुंबरबाईनं पद्मावतीच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. "कोण भेटलं, बाई?"

"हेच की," पद्मावतीनं हसून नवऱ्याकडं बोट केलं.

झुंबरबाईनं वल्हं उचललं.

ऊन उतरलं होतं. नावेत कुणीतरी गाणं धरलं. पद्मावती नवऱ्याच्या खांद्याला टेकून बसली होती. सरांच्या मनात आलं, पोरीचं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून गेलंय. आपण अजून बोललोच नाही. गाण्याच्या आडोशानं त्यांनी सगळं सांगितलं. फडक्यात गुंडाळलेलं ते अंग, जांभूळ, पूर. सांगताना ते रडले. बोलून झाल्यावर छातीवरचा दगड कुणी उचलून ठेवावा तसं हलकं वाटलं.

पद्मावती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि पुढचं?"

"पुढचं काय?"

"मघाशी सांगितलंत ते. आपली पोर आता तुमच्या कमरेच्या वर आलीय, आणि वेणी घालायला बसवली की मान म्हणून स्थिर ठेवत न्हाय."