निरोगी माणूस हवा

लिफ्ट पुन्हा बंद होती आणि तिच्या हातात बर्फाचा डबा होता. सहा मजले चढायचे, तेही बर्फ वितळायच्या आत. पहिल्याच वळणावर मागून आवाज आला, "द्या इकडे. मी वरच चाललोय."

तो वॉर्डातला फिजिओ होता, आजाऱ्यांना उठवून चालायला लावणारा.

"सांभाळून हं," ती म्हणाली. "आत एका आजोबांच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा आहे."

तो थबकला. "आजोबांना... माहीत आहे ना?"

"त्यांनीच दिलाय. सही करून."

जिना चढता चढता तिनं त्याला आपलं काम समजावलं. स्नायू म्हणजे घरासारखा. रोज थोडी पडझड, रोज थोडी डागडुजी. जुनं प्रथिन मोडीत काढायचं असलं की पेशी त्याच्यावर एक बारीकशी रासायनिक खूण चिकटवते. पण दुखणं लांबलं किंवा वय झालं, की त्या खुणा धडधाकट प्रथिनांवरही बसू लागतात आणि माणूस पडल्या पडल्या झिजतो.

"खुणा चिकटवतं कोण आणि त्याला हुकूम कुणाचा, एवढंच शोधतेय."

"एवढंच," तो म्हणाला आणि हसला. वर पोचेपर्यंत तिला ते हसू आवडून गेलं होतं.

"तुलनेला निरोगी माणसं हवीत," तिनं डबा घेत विचारलं. "यंत्र मुठीत आवळायचं, ते जोर दाखवतं. येणार?"

"तुम्ही बोलवा तर खरं."

तो आला. पहिल्यांदा काटा झकास चढला. पुढच्या वेळी जरा कमी. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा बोलवायचं, असा रिवाज होता. म्हणून तो पुन्हा आला, आणखी एकदा आला. दर खेपेला गप्पा वाढल्या आणि काटा उतरला. तो गेला की ती आलेखासमोर बसायची... अशी उतरती रेघ कशी दिसते आणि कुठे जाते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शेवटी त्याला डॉक्टरांकडे पाठवायचंच, असं ठरवून ती वॉर्डात गेली. तेव्हा तो एका थोराड आजोबांना कवेत धरून पलंगावरून खुर्चीत बसवत होता; उशी उचलावी तसं, अलगद.

"दिवसभर हेच चाललेलं असतं त्याचं," सिस्टर कौतुकानं म्हणाली.

आजोबा नीट टेकेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "जरा बाहेर या."

बाहेर येताच त्यानं कान खाजवला.

"जोर चोरत होतात?"

"आकडे जुळले असते, तर तुम्ही मला परत बोलावलं असतंत?"

तिला हसू येत होतं. तिनं ते येऊ दिलं नाही. "निरोगी माणसाचा जोर किती, हे मी तुमच्यावरून ठरवते. तुमचा आकडा खोटा, म्हणजे आतल्या आजोबांची झीज मला कमी दिसणार. ज्यांना उपचार हवेत, तेच बाजूला राहणार."

त्यानं दारातून आजोबांकडे पाहिलं. चेहऱ्यावरची गंमत उतरली. "हे डोक्यातच आलं नाही. चुकलं माझं. काय करू, सांगा."

"काही करू नका. तुम्हाला अभ्यासातून काढलंय. आकड्यांसकट."

"म्हणजे आता... भेट नाही."

"मला कित्येक दिवस धड जेवण गेलं नाही," ती सरळ त्याच्याकडे पाहत म्हणाली. "तुम्ही झिजताय, असं वाटून. आजारी माणसं रोज बघते मी. घास कुणासाठी अडकला नव्हता."

तो एक पाऊल जवळ आला.

"शिवाय मीच एक नियम पाळत होते. अभ्यासातल्या माणसाबरोबर साधा चहाही प्यायचा नाही."

"आणि... काढून टाकलेल्याबरोबर?"

तिनं पांढरा कोट उतरवून हातावर टाकला. "चल. पण तुझ्या जागी दुसरा निरोगी माणूस तूच आणून द्यायचास. लग्न झालेला."