हेर्दिसचा दुसरा बाप्तिस्मा

“आई, येत्या रविवारी मी बाप्तिस्मा घेतेय.”

बटाटे सोलता सोलता हेर्दिस हे इतक्या सहज बोलून गेली, की राग्नाच्या हातातली सुरी क्षणभर तशीच अधांतरी राहिली.

“बाप्तिस्मा? तुझा?... अगं, तो कधीच झालाय! तू जन्मलीस त्याच दिवशी. याच स्वयंपाकघरात, या माझ्या हातांनी!”

“तो बाप्तिस्मा नव्हता गं, आई.” हेर्दिसचा आवाज मऊ होता, शब्द मात्र नव्हते. “ज्याला विश्वास म्हणजे काय तेच कळत नाही, त्याच्यावर पाणी घातलं तर डोकं तेवढं ओलं होतं. बाकी काही होत नाही.”

बाकी काही होत नाही!... राग्ना उठली आणि उगाचच चुलीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. नवऱ्याला समुद्राने गिळलं तेव्हा ही पोर चार वर्षांची होती. पुढे दोन चांगली स्थळं आपणहून चालून आली, ती तिने परतवली. हेरिंग मासे साफ करून करून बोटांना चिरा पडल्या, पण लेकीला सावत्र बापाच्या दारात उभं केलं नाही. यातलं काही तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण आज तिच्या काळजाला जे झोंबलं ते ही कृतघ्नता नव्हे. ते निराळंच होतं, आणि तिच्यावाचून या जगात कोणालाही ठाऊक नव्हतं.

बेटावर बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी विहिरीवर नणंद तोमिनेने गाठलंच.

“काय गं वहिनी, पोरीला एकदा धुतलेलं पुरलं नाही वाटतं? आता म्हणे फिओर्डाच्या खाडीत बुचकळून काढणार!”

“तिचं ती ठरवते, तोमिने. एकोणीस वर्षांची घोडी झालीय.”

“अगं, पण तुला काही लाज? चर्च सोडून त्या प्रार्थनाघरवाल्यांच्या नादी लागून दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यायचा म्हणजे पहिल्यावर थुंकणंच की! आपले पाळकसाहेब काय म्हणतील?”

राग्नाने बादली उचलली. तोमिनेच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच काय म्हणायचंय ते उमगत नव्हतं. मायलेकींनी तो सगळा आठवडा ‘मीठ दे’, ‘दार लाव’ एवढ्यावरच काढला.

शनिवारी दुपारी हेर्दिस खिडकीशी पांढरा झगा घेऊन बसली. प्रार्थनाघराच्या मंडळीतल्या बायकांनी तो शिवून दिला होता. पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून घेराच्या दुमडीत शिशाचे तुकडे शिवायचे असतात, मासळीच्या जाळ्याला लावतात तेच. आणि एवढं काम ज्याचं त्याने करायचं असा त्यांच्यातला रिवाज. हेर्दिसचं शिवण म्हणजे आनंदच होता. राग्ना बराच वेळ ते टाके पाहत राहिली, आणि शेवटी तिला राहवेना.

“असलं शिवलंस तर पाण्यात पाय टाकायच्या आधीच शिसं गळून पडेल, आणि भर मंडळीत घेर छत्रीसारखा उघडेल. दे इकडे!”

हेर्दिसला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही कोसळलं. राग्नाने झगा मांडीवर ओढला आणि मान खाली घालून टाके घालू लागली... आणि तशीच, वर न बघता, बोलू लागली.

“तुम्ही जन्मलात तेव्हा वादळ होतं. सुईणीची होडी निघेना, तुझा बाप दूर मासेमारीला. घरात मी एकटी, आणि कुशीत तुम्ही दोघं, निळी पडलेली... अशा वेळी पाळक नसला तर कोणाही ख्रिस्ती माणसाने बाप्तिस्मा द्यावा, एवढं मला ठाऊक होतं. तू रडत होतीस, म्हणून आधी तुला दिला. का दिला गं तुला आधी? तो अशक्त होता, त्याला आधी द्यायला हवा होता!... मग त्याच्याकडे वळले. ‘पेडर’ असं नाव घेतलं, तीनदा पाणी घातलं. पण तेव्हा त्याचा श्वास चालू होता की नव्हता... मला खरंच ठाऊक नाही, हेर्दिस!”

चर्चच्या कुंपणाआतली भावाची कबर हेर्दिसला लहानपणापासून माहीत होती. हे मात्र तिने कधीच ऐकलं नव्हतं.

“पाळकसाहेबांनी नंतर विचारलं, पाणी घातलंत तेव्हा मूल जिवंत होतं ना? मी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर नावाशिवाय, प्रार्थनेशिवाय पुरलं असतं त्याला. ते हो खरं की खोटं, याच विचारात मी जगले. त्या पाण्याने तो स्वर्गात पोचला असेल, या आशेवर जगले गं! आणि तू म्हणतेस, नुसतं डोकं ओलं होतं... मग माझा पेडर कुठे आहे? सांग ना, कुठे आहे माझं लेकरू?”

हेर्दिसने धावत येऊन तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. “मी नाही जात उद्या, आई! नाही घेत बाप्तिस्मा! तुला इतका त्रास देऊन मला काही नको!”

“वेडी आहेस का? तुला अडवायला मी हे सांगितलं नाही. मला उत्तर हवंय.”

पाठ केलेली बायबलची वचनं हेर्दिसच्या ओठांवर आली आणि तिने ती गिळली.

“मी पाण्यात उतरते, आई, कारण माझ्यात पुरून टाकण्यासारखं पुष्कळ आहे. हट्ट आहे, गर्व आहे... त्या दिवशी तुला जे बोलले ना, तेही आहे. ते सगळं पाण्यात पुरायचं, प्रभूबरोबर नव्याने उठायचं, आणि चारचौघांत त्याला हो म्हणायचं. पण पेडरमध्ये पुरण्यासारखं काय होतं गं? आमची मंडळी तान्ह्यांना पाणी देत नाही, ते काय त्यांना परकी मानून? ती लेकरं आधीच प्रभूच्या कुशीत आहेत, म्हणून! तू पाणी घातलंस तेव्हा तो कुठेही असो, प्रभूजवळच होता. तुला उशीर झाला नाही, आई. उशीर होण्यासारखं काही नव्हतंच.”

राग्नाची सुई थांबली. जी श्रद्धा आपलं सर्वस्व हिरावायला आली असं तिला वाटलं होतं, तिनेच इतक्या वर्षांचं ओझं उतरवून घेतलं! ती लेकीच्या केसांत तोंड खुपसून मोठ्याने, मनमोकळं रडली.

“आणि माझ्यावर घातलेलं ते पाणी,” हेर्दिस हुंदके देत म्हणाली, “फुकट म्हणाले ते चुकलंच माझं. मला हो म्हणता येत नव्हतं तेव्हा माझ्या वतीने तू म्हणालीस. नाहीतर उद्या मी कोणाच्या जोरावर म्हणणार होते?”

रविवारी सकाळी प्रार्थनाघराचे पाळक हालवोर कमरेइतक्या थंडगार पाण्यात उभे होते आणि काठावर मंडळी गात होती. राग्ना आधी जरा लांबच, खडकापाशी थांबली. हेर्दिस पाण्याखाली गेली, वर आली, कुडकुडत काठाकडे निघाली; आणि बुटांची पर्वा न करता राग्ना घोटाभर पाण्यात शिरली आणि तिने लेकीला लोकरीच्या शालीत गुंडाळून घेतलं.

मग प्रार्थनाघरात कॉफी होती. राग्नाने आयुष्यात प्रथमच तो उंबरा ओलांडला. पलीकडच्या बेटावरून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून तिला बाकावर जागा करून दिली.

“गुणाची आहे हो तुमची पोर! एकुलती एक का?”

या प्रश्नाला ‘हो’ म्हणून मोकळं व्हायची राग्नाला सवय होती. तिने कप खाली ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “दोन आहेत मला. जुळी. ही हेर्दिस... आणि पेडर. तो आधीच पोचलाय.”