नवरा आहेस का?

खंडेराव मार्केटच्या दाराशी तन्मय पेरू निवडत होता, तेवढ्यात झेंडूच्या टोपल्यांमागून आवाज आला, "ए, नवरा आहेस का रे?"

हातातला पेरू निसटला. टोपल्यांवरून एक चेहरा डोकावत होता. नाकावर झेंडूची पाकळी, डोळ्यांत भलतीच घाई. ही तर शिवांगी, कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष!

"नाही… म्हणजे, अजून कुणाचाच नाही," तो चाचरला.

ती आधी गोंधळली, मग इतकी हसली की टोपल्या डुगडुगल्या. "अरे, नवरा म्हणजे रिकामा, मोकळा! गुजरातीत तसंच म्हणतात. बडोद्यात नवा दिसतोस."

"सांगलीचा. बाबांना इथं रिफायनरीत नोकरी लागली."

"कॉलेजात पाहिलंय तुला. घे ने एक टोपली!"

टोपली घेऊन तन्मय मंडळात गेला आणि तिथलाच झाला.

मंडळात पगार नव्हता, धाकही नव्हता. मनात आलं तर कुणीही उठून जावं. तरीही पोरं शिवांगीच्या शब्दाखातर राबायची. ती कधी हुकूम सोडत नसे. मुलांना विचारायची, "नवरा आहेस?" मुलींना, "नवरी आहेस?" आणि कुणी नाही म्हटलं, तर खरोखरच राग न धरता सोडून द्यायची. म्हणून नाही म्हणणारे दुसऱ्या दिवशी आपणहून यायचे. हे कसब तन्मय कौतुकाने बघायचा, आणि बघता बघता कसबवालीच्या पुरता प्रेमात पडला.

"एवढी का मरमर करतेस?" त्याने एकदा विचारलं.

"शिकतेय. मला मेळे भरवणारी स्वतःची कंपनी काढायचीय. पप्पा म्हणतात, नोकरी बघ. खूप भांडल्यावर म्हणाले, मंडळाचा इथल्या अकोट्याच्या मैदानातला आनंदमेळा नीट पार पाड, मग तुझं खरं. आणि बिघडला, तर मी नोकरी बघायची."

मेळ्याच्या सकाळी मैदानात मांडवच नव्हता! ते काम मंडळातल्या ऋचाकडे होतं. तिने मांडववाल्याला तारीखच चुकीची सांगितली होती. ती कोपऱ्यात रडत होती, स्टॉलवाली पोरं चिडली होती, आणि नेमके तेव्हाच शिवांगीचे वडील, उदयसिंहराव, येऊन उभे राहिले.

आता ऋचाची धडगत नाही, असं तन्मयला वाटलं. पण शिवांगी खुर्चीवर चढली.

"चूक माझी. मी स्वतः खात्री करायला हवी होती. आपण कडुलिंबांखाली मेळा भरवू. घरून जुन्या साड्या आणायला कोण कोण नवरे आहेत?"

आधी ऋचाने डोळे पुसत हात वर केला. मग तन्मयने… मग सगळ्यांनीच.

दुपारी झाडाझाडांमधून साड्या लहरत होत्या आणि त्यांच्या रंगीत सावल्यांत लोक उंधियूवर ताव मारत होते. उदयसिंहराव दिवसभर सगळं बघत फिरले. जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, कंपनीचं नाव काय ठेवायचं?"

संध्याकाळी दोघं साड्यांच्या घड्या घालत होती. टोकं जुळवताना बोटांना बोटं लागली… कुणीच मागे घेतली नाहीत.

"आज तुझ्यासारखं मला नसतं जमलं," तन्मय म्हणाला. "ऋचाला एका शब्दाने बोलली नाहीस."

"बोलले असते, तर ती पुन्हा आली असती का?" तिने पुढची साडी ओढली. "कंपनीत मला एक जण लागेल. पगार नाही, डोक्याला ताप भरपूर…"

"मग विचार की. पहिल्या दिवशी विचारलं होतंस तेच."

अख्ख्या कॉलेजला बेधडक विचारणारी ती मुलगी साडीच्या काठाशी चाळा करू लागली.

"तन्मय, तू… नवरा…"

"थांब." त्याने तिला अडवलं. "गुजरातीत विचारतेयस की मराठीत?"

शिवांगीने मान वर केली. तिचे कान लाल झाले होते, पण नजर हलली नाही.

"मराठीत."