लेफ्कोना खाडीतली हजेरी

साहेब, लेफ्कोना खाडीचा नियम तुम्ही सैल केलात, आणि पुढे जे झालं त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. अथेन्सच्या थंडगार खोलीत बसून तुम्ही एका ओळीवर काट मारली. घोट्याच्या वर पाय भिजला असेल का कधी तुमचा? ती ओळ अशी होती: हौशी पाणबुड्यांच्या प्रत्येक बोटीवर सरकारी पहारेकरी असावा आणि त्याने नावानिशी हजेरी घ्यावी.

आमच्या कालिम्नोस बेटावर हा पहारेकरी म्हणजे पोथितोस. वय एकसष्ट, उजव्या कानाचा पडदा फाटलेला. खाडीच्या तळाशी, बत्तीस मीटरवर, जुन्या बुडालेल्या गलबतातले तेलाचे रांजण पडले आहेत. ते कोणी पळवू नयेत म्हणून सरकारने त्याला एकोणतीस वर्षं ठेवलं. हजेरी मात्र तो रांजणांसाठी घेत नसे. त्याचा बाप स्पंज काढणाऱ्यांच्या होडीवर दोर धरायचा. त्या होड्यांवर रिवाज होता. वर आलेल्याने तोंडाने आपलं नाव सांगायचं, त्याशिवाय शिडीवर पाय नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. का, ते बापाने सांगितलं नाही आणि पोथितोसने विचारलं नाही. त्याने पाठीवर हवेची टाकी लावून उतरणाऱ्या पर्यटकांनाही तोच रिवाज लावला. ते हसायचे, पण तोंडातली नळी काढून नाव सांगायचे.

मे महिन्यात तुमचा नवा कागद आला. खाडी सर्वांना खुली, पहारेकरी बंद. मोबाइलवर दोन आकडे भरायचे, खाली किती गेले आणि वर किती आले. जुळले की झालं. बोटमालक द्रोसोसने त्या दिवशी धक्क्यावर येईल त्याला ऊझो दारू पाजली. पोथितोसला त्याने दोर बांधायला ठेवून घेतलं. दया आली म्हणून नव्हे. पोथितोसची मुलगी थेमेलिना द्रोसोसच्या बोटीवर बुडी शिकवायची, आणि तिच्या तोडीचं बेटावर कोणी नव्हतं.

"काका, ते नाव विचारणं आता बंद," द्रोसोस म्हणाला. "गिऱ्हाईक सुट्टीवर आलंय, चौकीत नाही."

जुलैत एका दुपारी थेमेलिनाबरोबर सहा जण उतरले. तिच्यामागून सहा वर आले. पाच जण कलिंगड खात बसले. सहावा, एक डच माणूस, बोटीच्या टोकाला जाऊन बसला. मास्क काढला नाही, डोक्यावरची टोपीही नाही. उन्हाने फळ्या तापल्या होत्या, बाकीच्यांचे मास्क आतून धुरकटले होते, याच्या काचेवर वाफ नव्हती. धक्का आला तसा तो उतरून बाजाराच्या बाजूला गेला. टाक्या उतरवताना पोथितोसने हवेचे काटे पाहिले. डच माणसाची टाकी भरलेली होती. चाळीस मिनिटं पाण्याखाली, आणि हवेचा एक घोट कमी नाही.

द्रोसोसने काट्यावर टिचकी मारली आणि काटा बिघडला असं ठरवून टाकलं. तीन दिवसांनी हॉटेलवालीने धक्क्यावर येऊन सांगितलं, की त्या माणसाची बॅग, बूट, चष्मा सगळं खोलीत आहे आणि पलंगावरची चादरही विस्कटलेली नाही. तुमच्या कचेरीला कळवलं. उत्तर आलं, सहा खाली, सहा वर, कोणी बेपत्ता नाही.

थेमेलिनाला झोप येईना. "बाबा, त्याला खाली मी नेलं होतं," ती म्हणाली. "एकदा बघून येते."

पोथितोसने अडवून पाहिलं. ती ऐकणारी नव्हती. शेवटी त्याने बापाचा दोर काढला आणि स्वतःच्या हाताने तिच्या कमरेला बांधला. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे वर घे. ती हसली, म्हणाली की लोक मला बकरी समजतील. सकाळचे अकरा वाजले होते, पाणी आरशासारखं. द्रोसोसने मोबाइलवर एकचा आकडा घातला.

दर दोन मिनिटांनी एक हिसका येत होता. वीस मिनिटं झाली. मग मागच्या शिडीपाशी पाणी हललं. पायांत पोहण्याचे पिवळे पंख, पाठीवर वेणी. थेमेलिना.

एकोणतीस वर्षांत त्याने कोणालाही नाव विचारल्याशिवाय वर घेतलं नव्हतं. पोर दिसली आणि बापाचा हात आपोआप पुढे गेला.

तिने तो धरला आणि वर आली. समोरच्या फळीवर बसली.

"एक खाली, एक वर," द्रोसोस म्हणाला आणि बटण दाबलं.

पोथितोसच्या डाव्या हातात दोर तसाच होता. दोराला दोन हिसके बसले.

त्याने तिच्या कमरेकडे पाहिलं. दोर नव्हता.

"तुझं नाव सांग," तो म्हणाला.

ती त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. काचेवर वाफ नव्हती.

पुन्हा दोन हिसके.

त्याने जीव खाऊन ओढला. चार हात दोर आला, मग अडकला. तो उडी टाकणार, तेवढ्यात द्रोसोसने मागून मिठी घातली. "म्हाताऱ्या, डोकं फिरलं का तुझं? पोरगी समोर बसलीय."

दुसऱ्या दिवशी पोथितोस एकटा टाकी लावून उतरला. दहा मीटरवर कानातून रक्ताची धार लागली, बोटीवरच्या दोघांनी त्याला ओढून काढलं. बेटावरचे बाकीचे पाणबुडे खाली जायला तयार नाहीत. रिवाज त्यांनाही माहीत आहे. म्हणून सरकारी पाणबुडे पाठवा, असा अर्ज त्याने केला. तुम्ही कळवलंत, की आकडे जुळतात, तक्रार मिटवायची आहे, परत आलेल्या व्यक्तीची सही घेऊन पाठवा.

घरी खिडकीपाशी जी बसली आहे तिने सही केली. अक्षर थेमेलिनाचंच.

साहेब, टाकीत पन्नास मिनिटांची हवा होती. आज चौदावा दिवस. दोर खाडीतल्या खडकात ठोकलेल्या कडीला बांधला आहे, पोथितोस तिथून उठत नाही, आणि दोन हिसके अजून येतात. कालपासून ते हलके झालेत.

सहीचा तो कागद आता तुमच्या टेबलावर असेल. टपालात घातला तेव्हा सहीला नऊ दिवस झाले होते आणि शाई ओली होती. सहीवर बोट फिरवून बघा, आणि लेखी कळवा, वर कोण आलं?