निम्म्याहून जास्त वेळा

पडद्याची पार वाट लागली होती. नाट्यगृहाचा तो भलाथोरला निळा पडदा नुकताच कढईतून काढून अंगणातल्या तारांवर टाकला होता. रंग अजून पक्का व्हायचा होता, आणि तेवढ्यात आभाळ फुटलं! कापड रंगवायचा छोटासा कारखाना चालवणाऱ्या त्या दोघी बहिणी – ताई आणि धाकटी – धावत सुटल्या खऱ्या. पण पडदा आत ओढेपर्यंत त्यावर फिकट ओघळ उमटले होते.

"रेडिओवर काय म्हणाले होते सकाळी?" ताईने धापा टाकत विचारलं.

"अशा वाऱ्यात पाऊस क्वचितच येतो म्हणे!"

धाकटीचं डोकं सणकलं. तशीच ओलीचिंब, ती चौकापलीकडच्या हवामान कार्यालयात शिरली. खोलीत एकच जण होता. चष्मा कपाळावर सरकवून, खिडकीशी उभा राहून, पावसाकडे चक्रावल्यासारखा बघत होता.

"सकाळचा अंदाज कोण लिहितं इथे?"

"मीच." तो वळला. "अरे... तुम्ही भिजलात?"

"छे! मी क्वचितच भिजते."

त्याने जीभ चावली. मग त्याची नजर तिच्या हातांकडे गेली – कोपरापर्यंत निळेशार! – आणि तिथेच अडकली. तिने हात पाठीमागे घेतले. तिला उगाचच राग आला, आणि उगाच राग आला म्हणून आणखी राग आला.

"वरून इंग्रजीत येतं, मी मराठीत करतो," तो कागद शोधत म्हणाला. "हे बघा. 'मोअर ऑफन दॅन नॉट' पाऊस येतो. शेवटी 'नॉट' आहे ना, म्हणून मी..." तो थांबला. ओठ हलवत त्याने पुन्हा वाचलं. चेहरा उतरत गेला. "अरे देवा."

"काय झालं?"

"उलटं केलंय मी. जितक्या वेळा येत नाही, त्याहून जास्त वेळा येतो, असं आहे ते. निम्म्याहून जास्त वेळा. म्हणजे... बहुतेक येतोच."

"एवढं एक 'बहुतेक' लिहायला काय झालं होतं?"

"काही नाही. घाई केली. चूक माझीच आहे."

आणि तिच्यासमोरच त्याने रेडिओला फोन लावला. सकाळचा अंदाज चुकीचा होता, चूक भाषांतराची होती आणि ती आपली होती, असं सरळ सांगून टाकलं. धाकटी येताना भांडणाची चांगली जय्यत तयारी करून आली होती. ती सगळी तोंडातच राहिली.

सुट्टीच्या दिवशी तो कारखान्याच्या दारात हजर.

"पडदा पुन्हा रंगवाल ना... म्हटलं, एक माणूस जास्त लागेल."

ताईने त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं. "खराब होईल हो."

"होऊ दे."

दिवसभर तो वाफाळत्या कढईत बांबूने कापड ढवळत राहिला. हाताला फोड आले, शर्ट निळा झाला, पण तोंडातून हूं की चूं नाही. पडदा मात्र ठरल्यापेक्षा बराच गडद उतरला. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाने तो उलटसुलट करून पाहिला.

"मागितला होता त्याहून गडद आहे," तो म्हणाला. मग थोडा मागे सरकून पुन्हा पाहिलं. "राहू दे. हाच बरा दिसतोय."

काम संपलं, तरी हवामानवाल्याचं येणं काही संपलं नाही. कधी उद्याचा वारा सांगायला, कधी नुसताच. ताईने त्याचं नाव ठेवलं – ढगोजीराव.

"साखर घेता का चहात?" धाकटीने एकदा विचारलं.

"मोअर ऑफन दॅन नॉट."

"म्हणजे घालू की नको?"

"नेहमीच घेत नाही. पण न घेण्यापेक्षा घेण्याचे दिवस जास्त..."

"अहो, चहा गार होतोय! हो की नाही?"

"...हो."

ती खळखळून हसली. हसताना तिची नजर त्याच्यावर जरा जास्तच रेंगाळली, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. आतून ताई मुद्दाम मोठ्याने खोकली.

मग एका संध्याकाळी तो आला आणि बसलाच नाही. तारांवर पिवळ्या चादरी वाळत होत्या. त्यांच्यामधून वाट काढत तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"माझी बदली होतेय. दूरच्या बंदरावर. बढती आहे."

चिमटा लावता लावता तिचा हात थांबला. "होतेय, की झाली?"

"उद्या कळवायचंय. नाही म्हणायची मुभा आहे. पण नाही म्हणायला... काहीतरी कारण हवं ना?" तो चादरीच्या कडेशी बोलल्यासारखं बोलत होता. "मी इथे राहावं असं तुम्हाला... वाटतं का कधी?"

तिची कानशिलं तापली. दुसऱ्याकडून रोखठोक उत्तर मागणारी ती – तिला स्वतःला आता साधं 'हो' जमेना.

"मोअर... ऑफन दॅन नॉट," ती कशीबशी पुटपुटली.

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "ते पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीला म्हणतात. पावसाला चालतं, साखरेला चालतं. हे एकदाच ठरायचंय. त्याला 'बहुतेक' नाही चालणार."

वाऱ्याने चादर फुगली आणि दोघांच्या मध्ये आली. पलीकडून त्याची सावली क्षणभर तशीच उभी राहिली... मग वळली.

"थांबा!"

सावली थबकली. "थांबा म्हणजे – जरासं थांबा? की..."

तिने चादर बाजूला सारली. तो अगदी समोर होता. इतका जवळ, की त्याच्या चष्म्यात तिला पिवळं अंगण दिसत होतं.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. मग हळूच, जणू मोठ्याने बोललं तर शब्द फिरतील असं वाटून, त्याने म्हटलं, "यात तर नकार आहे."

"आहे ना."

"आणि... 'तू'सुद्धा आहे."

"तेही आहे," ती म्हणाली, आणि या वेळी तिने नजर खाली घेतली नाही.